सिंगल टफ्ट ब्रश: दुभंगलेल्या ओठाचं ऑपरेशन झालेल्या मोठ्या माणसांसाठी रिव्ह्यू

हा रिव्ह्यू सगळ्यांसाठी नाहीये, आधीच सांगते. ज्यांचा वरचा ओठ जन्मतः दुभंगलेला होता, लहानपणी ऑपरेशन होऊन गेलं, आणि आता तिशी-चाळिशीत रोज सकाळी ब्रश तोंडात घातला की तो नेमका त्या एका जागी पोचतच नाही, अशा लोकांसाठी आहे. त्यांच्या घरच्यांनी वाचला तर अजून चांगलं. वस्तू साधी आहे, सिंगल टफ्ट ब्रश. दांडा नेहमीच्या ब्रशसारखाच, टोकाला मात्र केसांचा एकच गोल झुपका, पेन्सिलीच्या मागच्या खोडरबराएवढा. एका ब्रशवर एवढं लांबलचक लिहायचं कारण हे की हा ब्रश मला कुठल्या मेडिकलवाल्याने, कुठल्या जाहिरातीने आणि माझं तोंड बघितलेल्या बहुतेक डेंटिस्टनीसुद्धा कधी सांगितला नव्हता.

आधी माझं तोंड कसं आहे ते सांगते नाहीतर पुढचं कळणार नाही. माझी फट डावीकडची, आणि एका बाजूची फट असेल तर ती डावीकडे जास्त आढळते असं डॉक्टर सांगतात. गरोदरपणाच्या साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात बाळाच्या वरच्या ओठाचे भाग एकमेकांना जुळतात, ते जुळायचे राहिले की ही फट राहते. म्हणजे कित्येक बायकांना दिवस गेलेत हे नीट कळायच्या आत सगळं घडून गेलेलं असतं, तरी आमच्याकडे अजून आईलाच ऐकवतात की ग्रहणात विळी हातात घेतली असशील. माझ्या आईने हे आयुष्यभर ऐकलं. विषय ब्रशचा आहे पण हे लिहिल्याशिवाय मला पुढे जायचं नव्हतं.

तर माझ्या ओठाबरोबर त्याच्यामागची वरची हिरडी आणि हिरडीच्या आतलं हाड, दोन्हीत खाच आहे. टाळू नीट आहे त्यामुळे बोलणं स्पष्ट, लोकांना ओठावरची रेघ सोडून काही कळत नाही. आत मात्र वेगळीच कथा. पटाशीच्या शेजारचा दात आलाच नाही (फटीच्या जागी हा दात न येणं किंवा अगदी बारका येणं हे आमच्यात खूप कॉमन आहे), सुळा पुढे सरकून त्याच्या जागेकडे झुकलाय, पटाशीचा दात स्वतःभोवती थोडा फिरलाय, आणि ओठाच्या आतल्या बाजूने जो ऑपरेशनचा व्रण आहे तो घट्ट असल्यामुळे ओठ आणि हिरडी यांच्यामध्ये जी पोकळी असते ना, जिथे इतरांचा ब्रश आरामात शिरतो, ती माझ्याकडे जवळपास नाहीच. ब्रशचं डोकं तिथे घालायला गेलं की ओठ ताणला जातो, जोर केला की टोचतं, म्हणून माणूस आपोआप ती जागा सोडून पुढे जातो, वर्षानुवर्षं, रोज दोन वेळा.

आणि अन्न तर नेमकं तिथेच जाऊन बसतं. ज्वारीच्या भाकरीचा कण, शेंगदाण्याच्या चटणीचं कूट, मेथीचं पान, रायवळ आंब्याचे धागे. हापूस मी चारचौघात खाते, रायवळ कधीच नाही. माझं लग्न ठरत होतं तेव्हा कांदेपोह्याच्या कार्यक्रमात मी पोहे घेतलेच नाहीत, चहा घेतला, सगळ्यांना वाटलं मुलगी लाजतेय. ओठाच्या रेघेची काळजी नव्हती हो, ती तर फोटोत आधीच दिसली होती, काळजी होती कोथिंबिरीची.

आता ब्रश माझ्याकडे कसा आला ते. हिरडीतून रक्त यायचं, सकाळी उशीवर कधीकधी लाल डाग असायचा, तोंडाला वास येतोय अशी शंका कायम, म्हणून बोलताना हात तोंडाकडे. गावातल्या एका डेंटिस्टकडे गेले तर ते म्हणाले, ‘ऑपरेशन झालंय ना तुमचं, मग आता काय, हे दोन वाकडे दात काढून टाकू आणि कृत्रिम बसवू.’ मी घाबरून परत आले ते बरंच झालं. फटीच्या दोन्ही बाजूंच्या दातांना मुळातच हाडाचा आधार कमी असतो, आणि तरीही पुढेमागे मधल्या रिकाम्या जागेत दात बसवायचा तर तो याच दातांच्या आधाराने बसवणार. ते दात टिकवणं हेच तर खरं काम आहे. हे मला नंतर एका सरकारी दंत महाविद्यालयात कळलं, तिथल्या हिरड्यांच्या विभागात एक पीजी करणारी डॉक्टर मुलगी होती, माझ्याहून बरीच लहान, पण तिने जे केलं ते आजवर कोणी केलं नव्हतं.

तिने मला आधी दात घासायला लावले, माझ्या पद्धतीने. मग कापसाने सगळ्या दातांना एक लाल औषध लावलं, चूळ भरायला लावली आणि हातात आरसा दिला. जिथे थर राहिलाय तिथेच तो रंग धरून राहतो. उजवीकडे दात जवळजवळ पांढरे, इथे तिथे फिकट गुलाबी. डावीकडे सुळ्याच्या मागच्या अंगाला, फिरलेल्या पटाशीच्या कडेला आणि हिरडीच्या खाचेत गडद लाल, अगदी रेषा मारल्यासारखं, ब्रश कुठपर्यंत गेला आणि कुठे थांबला ते समोर दिसत होतं. ती एक शब्द रागावली नाही. म्हणाली, ‘ताई, तुमचा ब्रश तिथे जाऊच शकत नाही, मोठा आहे तो,’ आणि मग ड्रॉवरमधून हा एका झुपक्याचा ब्रश काढला आणि माझ्याच हातात देऊन माझ्याच तोंडात कसा चालवायचा ते शिकवलं.

पद्धत लिहिते, कारण पाकिटावर आमच्यासारख्यांसाठी काहीच लिहिलेलं नसतं. आधी नेहमीच्या ब्रशने सगळं तोंड घासून घ्यायचं. मग हा ब्रश नुसता ओला करायचा, पेस्ट नको, फेस झाला की काही दिसत नाही. डाव्या हाताच्या तर्जनीने ओठ हळू वर उचलायचा, ओढायचा नाही, उचलायचा, व्रण जिथे चिकटलाय त्याच्या बाजूने. झुपका दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या कडेवर टेकवायचा, इतपत दाबायचा की केस जरासे पसरतील, आणि जागच्या जागी छोटे गोल फिरवायचे, एक दात झाला की पुढचा. फिरलेल्या दाताची जी बाजू आत लपलेली असते तिथे ब्रश उभा धरायचा. आरसा आणि चांगला उजेड लागतोच, बाथरूमचा पिवळा बल्ब असेल तर नाही जमणार. मी रात्री जेवणानंतर करते कारण सकाळी डबे, शाळा, ऑफिस यात शक्य नाही. सुरुवातीला रक्त येतं. घाबरून थांबू नका, पण काही आठवडे नीट करूनही थांबत नसेल तर डॉक्टरकडे जा, आत दगड (दातांवर कडक होऊन बसलेला थर) जमलेला असू शकतो, तो ब्रशने निघत नाही, तो काढूनच घ्यावा लागतो. माझा आधी काढला होता.

रिझल्ट? रक्त थांबलं. उशीवरचे डाग थांबले. वासाची शंका, जी मला वाटतं पंधरा-वीस वर्षं मनात घर करून होती, ती हळूहळू गेली, आणि ती गेल्यावर कळलं की मी दिवसभर किती जपून बोलत होते. मी पतसंस्थेत काउंटरला बसते, समोर माणूस असतो, काचेला अर्धगोल खिडकी असते, तिथे वाकून बोलावं लागतं. आधी मी वाकतच नव्हते, लोक म्हणायचे मॅडमचा आवाज येत नाही. आता येतो.

त्याच महाविद्यालयात मला एक फॉर्म भरायला दिला होता, तोंडाच्या आरोग्याचा रोजच्या जगण्यावर काय परिणाम होतो ते मोजणारा, ओहिप-14 म्हणतात त्याला. गॅरी स्लेड म्हणून संशोधक आहेत त्यांनी 1997 मध्ये आधीच्या 49 प्रश्नांच्या लांबलचक यादीतून हा 14 प्रश्नांचा केला. शब्द उच्चारायला त्रास होतो का, चव बिघडलीये असं वाटतं का, दुखतं का, खाताना अवघडल्यासारखं होतं का, दातांमुळे संकोच वाटतो का, ताण येतो का, जेवण अर्धवट सोडावं लागतं का, लाज वाटते का, लोकांवर चिडचिड होते का असे प्रश्न, आणि प्रत्येकाला कधीच नाही पासून नेहमीच असं शून्य ते चार. एकूण 56 पैकी जितके जास्त तितका त्रास जास्त. मी तो भरताना दुखण्याच्या प्रश्नाला शून्य लिहिलं आणि संकोच, ताण, लाज यांच्यापुढे तीन, चार, तीन. तिथेच मला रडू आलं, कारण दुखत नाही म्हणून मी सगळ्यांना काही त्रास नाही असं सांगत आले होते आणि डॉक्टरही दुखतंय का एवढंच विचारत होते.

पुन्हा भरला तेव्हा खाण्याचे, ताणाचे आणि लाजेचे आकडे खाली आले. संकोचाचा फारसा नाही. ब्रश ओठावरची रेघ पुसत नाही, नाक थोडं बसकं आहे ते सरळ करत नाही, मधला न आलेला दात आणत नाही. एवढी अपेक्षा ठेवून घेऊ नका. पण जे अन्न अडकण्याने, रक्ताने आणि वासाने होत होतं ते जाऊ शकतं आणि ते खूप मोठं आहे, आमच्या आयुष्यात ते इतकं मिसळून गेलेलं असतं की तो वेगळा त्रास आहे हेच कळत नाही.

ब्रँडबद्दल. क्युराप्रॉक्स ही स्वित्झर्लंडची, त्यांचे सिंगल म्हणून येतात, 1006 आणि 1009 असे नंबर असतात, ज्यात 1009 ला झुपका मोठा. टेपे ही स्वीडनमधल्या माल्मोची कंपनी, 1965 पासूनची, त्यांचा कॉम्पॅक्ट टफ्ट गोल टोकाचा. दोन्ही ऑनलाइन मिळतात. उथळ जागा असेल तर छोटा झुपका घ्या, हे मी ठामपणे सांगेन. स्वस्तातले बिननावाचे पण भरपूर दिसतात, त्यातला एक मी घेतला होता, केस कडक होते आणि व्रणाच्या कडेला सोललं, त्यामुळे मऊ लिहिलेलं असेल तरच घ्या आणि आधी बोटाच्या पेरावर फिरवून बघा.

तक्रारी आहेत. पहिली किंमत, साध्या ब्रशच्या मानाने खूप महाग पडतो, आणि झुपका पसरला की बदलावाच लागतो कारण पसरलेला झुपका खाचेत जात नाही. ज्याला परवडत नाही त्याने लहान मुलांचा सगळ्यात छोट्या डोक्याचा मऊ ब्रश आणावा, तेवढा पोचत नाही पण मोठ्या ब्रशपेक्षा नक्की बरा. दुसरी, तालुक्याच्या ठिकाणी मेडिकलमध्ये मागितला तर समोरचा वेगळ्याच वस्तू काढून दाखवतो. तिसरी, शिकवणारं कोणी नसेल तर हा ब्रश नुसता पडून राहील. म्हणून विकत घेण्याआधी एकदा तरी कोणाकडून तरी शिकून स्वतःच्या तोंडात करून बघा.

याच्या जोडीला मी दोन दातांमध्ये घालायचा बारका ब्रश, इंटरडेंटल, तोही वापरते. टेपेचे रंगांवरून ओळखतात, गुलाबी 0.4 मिलिमीटर, नारिंगी 0.45, लाल 0.5, निळा 0.6, पिवळा 0.7, हिरवा 0.8, पुढे अजून मोठे. आपल्याकडे आयसीपीएचा थर्मोसील प्रॉक्सा पण येतो. इथे गंमत अशी की माझ्या तोंडात दोन रंग लागतात, उजवीकडे गुलाबीसुद्धा जेमतेम जातो आणि डावीकडे फटीपाशी निळा. सगळीकडे एकच साइज घालू नका आणि जोर तर अजिबात लावू नका, कुठे कुठला ते डॉक्टरकडून एकदा ठरवून घ्या.

पाण्याच्या फवाऱ्याचं जे मशीन असतं, वॉटर फ्लॉसर, त्याच्याबद्दल जपून. ओठ किंवा टाळूच्या ऑपरेशननंतर काहींना हिरडीपाशी किंवा टाळूला बारीक भोक राहतं, तोंडातून नाकात. चूळ भरताना नाकात पाणी येत असेल तर ती शंका घ्याच. माझ्या ओळखीतल्या एका ताईंनी ते मशीन फुल प्रेशरवर लावलं आणि पाणी थेट नाकातून बाहेर, किती वेळ ठसका लागला. आधी डॉक्टरला विचारा, मग सगळ्यात कमी प्रेशरवर बघा.

पेस्ट कुठलीही चालेल पण फ्लोराइडवाली. ट्यूबवर फ्लोराइडचं प्रमाण किती पीपीएम ते छापलेलं असतं, ते वाचा. फटीच्या शेजारच्या दातांचं इनॅमल बऱ्याचदा कच्चं असतं, लवकर किडतं, माझा पटाशीचा दात कडेला असाच पिवळट खरबरीत आहे. आणि मशेरी, बायांनो, मशेरी नको. हिरड्या घट्ट होतात म्हणून माझी आत्या मला लहानपणी लावायला सांगायची, ती तंबाखू आहे, त्याने हिरड्यांचं वाटोळंच होतं, आणि आमच्यासारख्यांकडे वाया घालवायला हाड मुळात शिल्लक नसतं.

हाडावरून आठवलं. हिरडीतल्या खाचेत कमरेचं थोडं हाड घेऊन भरण्याचं ऑपरेशन साधारण 8 ते 11 वर्षांच्या दरम्यान, सुळा खाली यायच्या आधी करतात, म्हणजे सुळ्याला उतरायला हाड मिळतं. माझ्या वेळी घरी हे कोणी सांगितलंच नाही. ओठ शिवला, चेहरा बरा दिसला, विषय संपला. आता परिस्थिती बरी आहे, स्माइल ट्रेनसारख्या संस्था लहान मुलांची ऑपरेशन फुकट करून देतात, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर 2013 च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, त्यात दुभंगलेले ओठ आणि टाळू आहे, अंगणवाडीत आणि शाळेत येऊन तपासतात. फार चांगलं काम आहे. पण हा सरकारी कार्यक्रम 18 वर्षांपर्यंत. हिरड्यांचा आजार मुख्यतः त्याच्यानंतर जोर धरतो, दात बसवायचं काम बहुतेकदा वाढ पूर्ण झाल्यावरच करतात, नोकरी, लग्न, लोकांत बोलणं हे सगळंही त्याच्यानंतरच येतं. नेमकं तेव्हा आपल्याला पुन्हा बोलावणारं कोणी नसतं, आपण होऊन जावं लागतं आणि कुठे जायचं ते माहीत नसतं. माझ्यासारखी कितीतरी माणसं असणार, ज्यांचं ऑपरेशन कागदावर यशस्वी आणि तोंडात रोज रक्त. मला याचा खूप त्रास होतो, म्हणून जिथे जमेल तिथे सांगते.

कुठे जायचं तर, मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, खर्च खाजगीच्या मानाने खूप कमी येतो, वेळ मात्र हाताशी ठेवून जा. केसपेपर काढताना नुसतं दात दुखतो सांगू नका. लहानपणी दुभंगलेल्या ओठाचं ऑपरेशन झालंय आणि हिरड्या दाखवायच्यात असं स्पष्ट सांगा, म्हणजे हिरड्यांच्या विभागात पाठवतील. लहानपणचे कागद असतील तर न्या, नसतील तरी जा. आणि कोणी दात काढायचा म्हणालं तर फटीच्या शेजारचा दात आहे, एक्स-रे मध्ये हाड किती आहे ते दाखवा असं विचारा, तो तुमचा हक्क आहे.

ब्रशला पाचपैकी साडेचार. अर्धा किंमतीमुळे आणि दुकानात मिळत नाही म्हणून कापला. माझ्या हिरड्या आता दात बसवण्याइतक्या बऱ्या झाल्यात असं डॉक्टर म्हणाल्या, शेजारच्या दाताला मागून पातळ पंख चिकटवून मधला दात बसवतात तो प्रकार करायचं ठरतंय, ते झालं की त्याचा रिव्ह्यू वेगळा लिहीन. आमच्या इथल्या मेडिकलवाल्या काकांना सांगून आता दोन ब्रश कायम ठेवायला लावलेत, तुम्ही पण तुमच्या गावात सांगा, मागणी केली की आणतात.